पान कितवं होतं?

आज १९४० चा एक फोटो बघत बसले होते, बॅटल ऑफ ब्रिटनमधला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनवर चालून आलेल्या जर्मन विमानांशी झालेल्या हवाई लढाईतला. विमानतळाच्या गवतावर खुर्च्या टाकून रॉयल एअर फोर्सचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचे पायलट बसलेत, पायात फ्लाइंग बूट, अंगात लाइफ जॅकेट, आणि एक पोरगा चक्क पुस्तक वाचतोय!

मी त्याच्या बोटाकडेच बघत राहिले. पुढचं पान उलटायला तयार असलेलं बोट.

कारण उड्डाणाचा हुकूम घेऊन फोनची घंटा वाजली की सगळं टाकून विमानाकडे पळायचं, वाक्य अर्धं असलं तरी. त्या लढाईत ब्रिटनच्या बाजूने जवळपास ३,००० जण उडाले, त्यातले ५४४ गेले, म्हणजे किती पुस्तकं खुर्चीवर उपडी पडून राहिली असतील कोण जाणे.

आणि वाचन हे काही चैन म्हणून नव्हतं हो, नुसतं वाट बघणं माणसाला आतून खातं. अमेरिकेने तर १९४३ पासून सैनिकांसाठी गणवेशाच्या खिशात मावतील अशी आडवी छोटी पुस्तकं छापली, १२ कोटींच्या वर प्रती, फुकट वाटल्या. तेव्हाच्या जर्मनीत (आजच्या पोलंडमध्ये) स्टालाग लुफ्ट ३ नावाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत कैद झालेल्या वैमानिकांनी तर लायब्ररी चालवली, अभ्यास करून परीक्षा दिल्या. काटेरी तारांच्या आत बसून परीक्षा! म्हणजे युद्धानंतर आपण असणार आहोत हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

माझ्या उशाशी तीन महिने एक पुस्तक अर्धवट पडलंय. आत्ता उघडलं.

त्या पोराचं पूर्ण झालं असेल का?