१४ जानेवारी, रात्री उशिरा

आज नामांतर दिन, मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं तो दिवस. दुपारी विद्यापीठ गेटवर जाऊन आले. पुस्तकांच्या स्टॉलपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. तिथून मैत्रिणीकडे गेले. तिळगूळ खाता खाता तिनं सवी सावरकरांच्या चित्रांचा कॅटलॉग हातात ठेवला. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही.

चित्रातल्या अस्पृश्य माणसाच्या गळ्यात मडकं, पाठीला झाडू. थुंकी रस्त्यावर पडू नये, पावलांचा ठसा मागं राहू नये, म्हणून. पेशवाईतली ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकतेय, दर जयंतीच्या भाषणात. इतक्यांदा ऐकली की शब्द पार गुळगुळीत झाले होते. आज त्या मडक्याचं वजन पहिल्यांदा माझ्या मानेला कळलं. जाड काळ्या रेषा, पिळवटलेलं शरीर. सुंदर दिसायची धडपड कुठंच नाही, आणि ते फार बरं वाटलं. आपल्या दुःखाला कुणी पावडर लावलेली मला सहन होत नाही.

सावरकर मूळचे नागपूरचे. बडोद्यात मुद्राचित्रण, म्हणजे छापून चित्र काढायची कला, शिकले, पुढं दिल्लीत शिकवलं. देवदासींचीही चित्रं त्यांनी काढलीत. मैत्रिणीनं एचिंग कसं करतात ते सांगितलं. धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईनं ओरखडायचं, मग पत्रा आम्लात सोडायचा. ओरखडलेल्या जागी आम्ल धातू खातं आणि त्या खाचेत शाई बसते. म्हणजे ही रेषा नुसती काढलेली नसते, ती आधी जळते.

आजी आठवली. घरात स्टीलचे चकचकीत पेले होते, तरी हापशावर गेली की ती कमरेत वाकून ओंजळीनंच पाणी प्यायची. कोपरं अंगाशी घट्ट, बोटांत फट नाही, एक थेंब सांडायचा नाही. लहानपणी तिच्या गावात तिला वरून धार धरून पाणी वाढायचे. आम्ही तिच्या त्या वाकण्याला सवय म्हणायचो. १९७८ साली, विधिमंडळात नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात वस्त्या जळाल्या, त्याबद्दलही ती कधी धड बोलली नाही. विचारलं की म्हणायची, "जाऊ दी, जेव."

कॅटलॉग घरी आणलाय. आईनं बराच वेळ पाहिला, मिटला, काही न बोलता भाकरी टाकायला गेली. जेवणं झाल्यावर, भांडी विसळता विसळता म्हणाली, "त्या मडक्याची दोरी काथ्याची असंल का गं? मान काचत असंल."