कृष्णेची पाणीपातळी आणि मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्ज

आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आकडे सांगलीत शाळकरी मुलांनाही पाठ असतात. या पातळीचा आलेख अहवालात छापायचा असेल, तर आकडेमोडीपेक्षा आलेखाच्या दिसण्याच्या सेटिंग्जच अधिक वेळ खातात. मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील मॅटप्लॉटलिब ही आलेख काढणारी लायब्ररी वापरतो आणि तिच्या मूळ सेटिंग्ज छपाईसाठी जशाच्या तशा ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेगळी सूचना न दिल्यास मॅटप्लॉटलिब ६.४ इंच रुंद व ४.८ इंच उंच आकृती काढते आणि अक्षरे १० पॉइंटची ठेवते. तीच आकृती ३.२ इंची स्तंभात बसवली की अक्षरे ५ पॉइंटवर येतात आणि अक्षावरील तारखा वाचायला भिंग लागते. यावर उपाय म्हणून अनेकजण डीपीआय, म्हणजे दर इंचातील ठिपक्यांची संख्या, ३०० करतात. त्याने चित्र रेखीव होते, परंतु अक्षरे तसूभरही मोठी होत नाहीत, कारण पॉइंट हे इंचाच्या बहात्तराव्या भागाचे ठरलेले माप आहे. आकृती ज्या रुंदीत छापली जाणार, त्याच रुंदीची ती सुरुवातीलाच काढावी आणि अक्षरे ८ पॉइंटची ठेवावीत.

या साऱ्या सेटिंग्ज प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पुन्हा लिहिण्यापेक्षा एका स्टाइल फाइलमध्ये ठेवाव्यात. तेथे रंगाचा सांकेतिक क्रमांक लिहिताना आधीचे हॅशचे (#) चिन्ह गाळावे किंवा क्रमांक अवतरणचिन्हांत घालावा, अन्यथा हॅशपासून पुढचा मजकूर टिपण समजून सोडून दिला जातो.

रंगांचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण आपल्याकडे अहवाल शेवटी झेरॉक्सच्या दुकानातून काळ्या-पांढऱ्यातच वाटले जातात. मॅटप्लॉटलिबमध्ये २०१७ च्या २.० आवृत्तीपर्यंत 'जेट' ही इंद्रधनुषी रंगपट्टी आपोआप लागत असे. तिची निळी व लाल अशी दोन्ही टोके गडद असल्याने पावसाचा नकाशा झेरॉक्स केला की महाबळेश्वरची अतिवृष्टी आणि जतचे अवर्षण जवळपास एकाच करड्या छटेत उतरतात, म्हणजे नकाशाने जे सांगायचे तेच नेमके पुसले जाते. तिच्या जागी आलेल्या 'व्हिरिडिस'मध्ये उजळपणा एकाच दिशेने वाढत जातो, त्यामुळे रंग गेला तरी क्रम टिकतो. जुन्या प्रोग्रॅममधून जेट अजून उचलली जाते, ही मात्र निव्वळ सवय. रेषांच्या आलेखात इशारा पातळी तुटक रेषेने, धोका पातळी अखंड रेषेने दाखवावी आणि त्यांची नावे रेषेलगतच लिहावीत.

मराठी नावांची अडचण वेगळीच आहे. मूळ फॉन्ट डेजाव्हू सॅन्समध्ये देवनागरी नसल्याने चौकोन उमटतात. नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट दिला तरी नेहमीच्या पद्धतीत जोडाक्षरे फुटतात आणि 'मिरज'मधली पहिली वेलांटी म च्या पुढे जाऊन बसते. अशा वेळी आकृती एसव्हीजी या रेषाचित्रांच्या फाइल-स्वरूपात साठवावी आणि एसव्हीजीच्या फॉन्टटाइपची सेटिंग 'नन' (none) करावी. मग अक्षरांच्या आकृत्या न बनता मजकूर मजकूरच राहतो आणि ब्राउझर किंवा इंकस्केप हा चित्रांचा प्रोग्रॅम जोडाक्षरे नीट जुळवतो. फक्त तो फॉन्ट त्या संगणकावर असला पाहिजे, म्हणून छापखान्यात पाठवण्याआधी ब्राउझर किंवा इंकस्केपमधूनच पीडीएफ करून घ्यावी.