कॉफी कॉकटेलवर जायफळ किसा, पुदिना राहू दे

नाशिकचं कुणी पार्टी देतंय म्हटलं की बाहेरगावच्या लोकांना वाइनच दिसते, पण माझं प्रेम जेवणानंतरच्या कॉफी-चॉकलेटवाल्या कॉकटेलवर आहे. आणि घरोघरी बघते तर लोक रेसिपीवर जीव टाकतात, मिली मोजून ओततात, आणि वर काय घालायचं ते शेवटच्या मिनिटाला फ्रिज उघडून ठरवतात, मग काय, पुदिन्याचं पान नाहीतर डब्यातली ती लालभडक चेरी. एस्प्रेसो मार्टिनीवर, म्हणजे व्होडका-कॉफीच्या कॉकटेलवर, पुदिना! काय संबंध? ग्लास तोंडाला लावला की आधी नाक तिथे पोचतं आणि गारेगार ड्रिंकला स्वतःचा वास तसा कमीच सुटतो, त्यामुळे वर जे ठेवाल त्याला वास हवा, तोही कॉफी-चॉकलेटशी जमणारा.

माझ्या मते पहिला नंबर जायफळाचा. आपल्याकडे पाहुण्यांसाठी केलेल्या दुधाच्या कॉफीत जायफळ असतंच ना, तेच इथे. ब्रँडी अलेक्झांडर म्हणून एक जुनं कॉकटेल आहे, ब्रँडी, चॉकलेटचं लिकर (लिकर म्हणजे गोड, स्वादाची दारू), त्याचं नाव क्रेम द ककाओ, आणि क्रीम, तिन्ही ३०-३० मिली, बर्फात दणकून शेक करून गाळायचं आणि वर ताजं किसलेलं जायफळ, हे जायफळ नेहमीच्या रेसिपीतच आहे. आईला हे मोठ्या कौतुकानं सांगितलं तर म्हणाली, "मग त्यात नवीन काय?"

फक्त जायफळाची तयार पूड नको, डबा उघडून दोन महिने झाले की तिला भुशाइतकाही वास राहत नाही. अख्खं जायफळ घ्या, भांडी बाजारात बारीक किसणी मिळते तिच्यावर ग्लासाच्या वर धरूनच दोन-तीनदा घासा, बास. जास्त झालं तर कडवट लागतं आणि जायफळ चमचा-चमचा खायची गोष्ट नाहीच, ते अंगाला बाधतं.

एस्प्रेसो मार्टिनी लंडनच्या डिक ब्रॅडसेल या बारटेंडरनं १९८० च्या दशकात बनवली. व्होडका ५० मिली, कॉफी लिकर ३०, साखरेचा पाक १० आणि एक शॉट ताजी एस्प्रेसो. वर तीन कॉफीच्या बिया, आरोग्य, पैसा आणि सुख म्हणे, इटलीत साम्बुका या बडीशेपेसारख्या स्वादाच्या लिकरमध्ये बिया टाकायची पद्धत आहे तिथून हे आलंय असं सांगतात. पण बिया तरंगायला फेस जाड हवा, म्हणजे भरपूर बर्फ आणि हात दुखेपर्यंत शेक. मशीन नसेल तर कडक इन्स्टंट कॉफीलासुद्धा बरा फेस येतो. बिया सपाट बाजू खाली करून अलगद ठेवा. बियांसाठी पाव किलोचं पाकीट कशाला, ओळखीच्या कॅफेवाल्याकडे मूठभर मागा, देतात.

संत्र्याची साल चॉकलेटबरोबर भारी जाते पण आपलं नागपुरी संत्रं ट्विस्टला, म्हणजे ग्लासात घालायच्या सालीच्या पिळलेल्या पट्टीला, कामाचं नाही, साल सैल आणि पातळ, लांब पट्टी निघतच नाही. तेल मात्र तिच्यात झक्कास असतं, म्हणून रुपयाएवढा तुकडा केशरी बाजू ग्लासाकडे करून वरच दाबा, फवारा उडतो, मग तो तुकडा खुशाल फेकून द्या, दिसायला काही नसलं तरी वास येतो.

चॉकलेटचं म्हणाल तर नाशिकचा एप्रिल-मे लक्षात घ्या. खरं चॉकलेट, म्हणजे कोको बटरवालं, साधारण ३४ अंशाला वितळतं आणि दुपारी आपला पारा त्याच्या वर असतो, मग सुंदर काढलेल्या गुंडाळ्यांचा चिखल. मिल्क चॉकलेटच्या पाठीवर बटाट्याचं सोलाणं ओढलं की गुंडाळ्या छान निघतात, डार्कचे बहुतेक तुकडेच होतात. काढल्या की डब्यात घालून फ्रिजमध्ये, आणि वर टाकायच्या अगदी देताना. ग्लासाच्या काठाला चॉकलेट लावायचं तर अर्ध्याच काठाला लावा, सगळ्यांना ते चाटायचं नसतं. वितळवताना भांड्यात पाण्याचा थेंब गेला तर चॉकलेट आवळून रवाळ होतं, त्यामुळे खालच्या पातेल्यातलं पाणी वाफ उडेल असं उकळवू नका. हे सगळं जड वाटत असेल तर चहाच्या गाळणीतून कोको पावडर भुरभुरवा, काम झालं, आणि गोडही नाही होत.

आयरिश कॉफीवर मात्र यातलं काहीच नको. गरम कॉफी, व्हिस्की, साखर, वर अर्धवट फेटलेलं क्रीम चमच्याच्या पाठीवरून सोडलेलं. साखर टाळू नका, तिच्यामुळे कॉफी जरा जड होते आणि क्रीम वर राहतं. किराणा दुकानातलं २५ टक्के फॅटवालं पातळ क्रीम फेटलं जात नाही, ३५ टक्क्यांच्या वरचं व्हिपिंग क्रीम शोधा. फार तर जायफळ, हो, परत तेच. आणि ढवळायचं नाही, पाहुणे चमचा मागतात, देऊ नका.