डिस्ट्रॉय एकच होता

टेराफॉर्म हे फाइलीत लिहिलं तसे सर्व्हर उभे करणारं आणि पाडणारं साधन; काही करण्याआधी ते काय काय बदलणार याचा प्लॅन दाखवतं. त्या प्लॅनची शेवटची ओळ मला हवी तशीच होती: नवीन शून्य, बदल तीन, डिस्ट्रॉय (म्हणजे पाडायचं) एक. एक ग्राहक सेवा सोडून गेला होता, त्याचा एक सर्व्हर जाणार. हिशेब जुळला. 11 वाजून 20 मिनिटांनी मी ‘येस’ टाइप केलं आणि चहा आणायला उठलो.

मरोळच्या आमच्या छोट्या ऑफिसातून आम्ही पाच घाऊक व्यापाऱ्यांचं बिलिंग सांभाळतो. प्रत्येकाचा वेगळा सर्व्हर, सगळे ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये, आणि ते उभे करणारी टेराफॉर्मची फाइल माझ्याच हातची. पाच नावांची यादी आणि त्यावर ‘काउंट’, म्हणजे यादीत जितकी नावं तितके सर्व्हर बनव, अशी सूचना. त्या दिवशी यादीतलं दुसरं नाव खोडलं, इतकंच.

चहा अर्धा झाला नाही तोच फोन. प्रिन्सेस स्ट्रीटवरचे औषधांचे व्यापारी, यादीतले पाचवे. “साहेब, बिल निघत नाहीये. चक्र फिरतंय नुसतं.”

पाचवे? सोडून गेले ते तर दुसरे!

काउंट सर्व्हरला नावाने ओळखत नाही, यादीतल्या क्रमांकाने ओळखतो. समजा चाळीत पाच खोल्या आहेत आणि दोन नंबरचं बिऱ्हाड हललं. काउंट ती खोली पाडत नाही. तिच्या दारावर तीनवाल्यांची पाटी लावतो, तीनवर चारवाल्यांची, चारवर पाचवाल्यांची. आणि पाचव्या खोलीला पाटी उरली नाही म्हणून ती माणसांसकट पाडतो. ‘बदल तीन’ म्हणजे याच पाट्या. मी त्या वाचल्याही होत्या. नावाचे टॅग बदलतायत ना, बदलू देत, म्हणून पुढे सरकलो. सोडून गेलेल्याचा सर्व्हर मात्र तिसऱ्याच्या नावाने मजेत चालू होता.

मशीन गेलं की त्याची मुख्य (रूट) डिस्कही पुसली जाते, हे डीफॉल्ट. डेटाबेस त्याच डिस्कवर. टर्मिनेशन प्रोटेक्शन, म्हणजे मशीन चुकून पाडलं जाऊ नये म्हणून असलेलं कुलूप, लावायचं राहिलेलं.

डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, रोज रात्री 2 ला निघतो, असं मी धरून चाललो होतो. म्हणजे रात्रभर आलेल्या ऑर्डरींची सकाळी 6 ला आपोआप निघणारी सगळी बिलं गेली. घशाला कोरड पडली. शेजारी बसलेली आमची ज्युनिअर म्हणाली, “दादा, हा तर आज सकाळी साडेसातचा दिसतोय.”

दोन मिनिटं मला काही कळेना. मग ट्यूब पेटली. वेळापत्रक यूटीसीत, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत चालतं आणि लिहिणाऱ्याने मुंबईची रात्र समजून 2 लिहिले होते. यूटीसीचे 2 म्हणजे आपले साडेसात. लिहिणारा कोण, ते विचारू नका.

स्नॅपशॉटवरून इमेज (मशीनचा साचा), इमेजवरून मशीन, आणि डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हर शोधून देणाऱ्या नोंदीत, नवा पत्ता. पाऊण वाजता सर्व्हर उभा राहिला. राहिला प्रश्न दुकान उघडल्यापासूनच्या बिलांचा. “आम्ही येईपर्यंत नवं बिल काढू नका,” असं त्यांना फोनवर तीनदा बजावलं, नाहीतर गिऱ्हाइकाच्या हातात गेलेलेच बिल नंबर पुन्हा पडले असते. मग आम्ही दोघं मेट्रोने अंधेरी, तिथून चर्चगेट लोकलने मरीन लाइन्स. छापील प्रतींवरून 41 बिलं पुन्हा भरली, बॅच नंबर आणि एक्स्पायरीसकट. शेठ ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत, फक्त प्रत्येक बिल आमच्या खांद्यावरून वाकून वाचत राहिले. ते जास्त जड गेलं.

रात्री काउंट काढून ‘फॉर ईच’ घातलं. 2019 पासून ते आहे. फाइल लिहिली तेव्हाही होतं, मला काउंट सोपा वाटला होता. आता सर्व्हरची ओळख नावाने. जुन्या क्रमांकांवरून नव्या नावांवर न्यायला ‘मूव्ह्ड’ ब्लॉक लिहिले, नवं मशीन टेराफॉर्मच्या नोंदीत इम्पोर्ट केलं, सगळ्यांवर पाडायला मनाई करणारं ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ लावलं. प्लॅन तीनदा चालवला. काहीच बदल नाही, असं आलं तेव्हा लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी ज्युनिअरने विचारलं, “दादा, ते स्नॅपशॉटचं शेड्यूल दुरुस्त करू? रात्री 2 साठी यूटीसीत 20:30 लिहावं लागेल.”

“राहू दे,” मी म्हटलं.