परिच्छेद ४७

मिरजेला रेसिडेंट होतो तेव्हा अपघाताच्या दाव्यांची माणसं टक्के मागायला यायची. डोक्याला मार लागलेल्या पेशंटचं अपंगत्व टक्क्यांत लिहून द्यायचं असायचं आणि नातेवाईक दारातच विचारायचे, "डॉक्टर, चाळीसच्या वर बसेल ना?" आम्ही मागे हसायचो. आता इंग्लंडात, लीड्समध्ये मी दिवाणी दाव्यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून अहवाल लिहितो. त्यातले बरेचसे लहानपणी झालेल्या अत्याचारांचे असतात, आणि टक्के इथेही सुटलेले नाहीत.

ही २०२३ च्या हिवाळ्यातली केस. ओळख पटेल ते सगळं बदललंय.

गृहस्थ साठीला टेकलेले. दहाव्या वर्षी, १९७४ मध्ये, त्यांना एका बालगृहात ठेवलं आणि चार वर्षं तिथे एका कर्मचाऱ्याने छळलं, असा दावा. आल्या आल्या त्यांनी दाराजवळची खुर्ची निवडली आणि भिंतीला टेकेपर्यंत मागे ओढली. साडेतीन तास बसलो. काय झालं ते इथे लिहीत नाही. अहवालातही मी ते थोडक्यात आटोपलं. दावा करणाऱ्याच्या वकिलाने, म्हणजे सॉलिसिटरने, सविस्तर जबानी घेतलेली असते. तेच पुन्हा वदवून घेण्याची काही तज्ज्ञांना हौस असते, मला नाही. मला झोप, दारू, नोकऱ्या, संसार, मुलांना जवळ घेता आलं का, हे विचारायचं असतं.

बालगृहाच्या रजिस्टरमध्ये एकाच वर्षात तीनदा एकच नोंद होती: "पळाला. पोलिसांनी परत आणला. कारण सांगत नाही." मी वाचून दाखवली. ते म्हणाले, तीनदा नाही, चारदा. चौथ्या वेळी ते आईच्या घरी पोचले आणि मागच्या कोळशाच्या खोलीत लपले. आईने पाहिलं, आत घेतलं, ब्रेडला लोणी लावून दिलं. ते खात असताना ती कोट घालून कोपऱ्यावरच्या फोनच्या खोक्याकडे गेली. गाडी यायच्या आत ब्रेड संपवायचा होता, एवढंच त्यांच्या लक्षात होतं.

निघताना त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तुम्हाला हे खरं वाटतं?"

ओपीडीत या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर दिलं असतं. इथे ती मुभा नाही. दिवाणी प्रक्रियेच्या नियमांतला भाग ३५ सांगतो की तज्ज्ञ न्यायालयाला बांधील, फी कुणीही देवो. घडलं की नाही हे न्यायाधीश ठरवणार. जे सांगितलं ते घडलं असेल तर त्याचा मनावर काय परिणाम झाला, एवढंच माझ्याकडे. मी हे शक्य तितक्या मऊ शब्दांत सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि टोपी उचलली. संध्याकाळभर ते "बरं" माझ्या डोक्यात होतं.

रात्री जीपीच्या, म्हणजे त्यांच्या फॅमिली डॉक्टरच्या, जुन्या नोंदी पुन्हा काढल्या. इथे पूर्वी प्रत्येक पेशंटचं मळकट पिवळं पाकीट असायचं, १९११ चा विमा कायदा आणणाऱ्या लॉइड जॉर्जच्या नावाने ओळखलं जाणारं. त्याच्या स्कॅनमध्ये १९७१ ची एक ओळ सापडली, कोंबडीचे पाय उमटावेत तसं अक्षर: "अंथरूण ओलं करतो. घाबरट मुलगा. वडील पितात." म्हणजे बालगृहाच्या तीन वर्षं आधी.

ही ओळ दाव्याच्या विरोधात जाणार हे उघड होतं. मी ती जशीच्या तशी अहवालात घातली. दोन दिवसांनी सॉलिसिटर बाईंचा फोन. आवाज गोड. ती ओळ उद्धृत करणं गरजेचं आहे का? म्हटलं, आहे. समोरच्या बाजूच्या तज्ज्ञाला ती दिसणारच. त्याने दाखवण्यापेक्षा मी दाखवलेली बरी. शिवाय मला स्वतःला ती महत्त्वाची वाटत होती. आधीच घाबरणारं पोर अशा माणसाच्या हाती सापडणं सोपं असतं. जमीन भुसभुशीत होती म्हणून घर पाडणाऱ्याचा गुन्हा कमी होत नाही. हे वाक्य अहवालात लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मुदतीचा मुद्दा होताच. त्या वेळी इंग्लंडमध्ये १९८० च्या कायद्याने अशा दाव्याला तीन वर्षं होती; लहान असताना झालं तर वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत. न्यायाधीश ती मुदत बाजूला ठेवू शकत, आणि जाणूनबुजून केलेल्या अत्याचारांना ही सवलत हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या, २००८ च्या निकालापासूनच मिळू लागली. मग मला विचारतात: चाळीस वर्षं हा माणूस गप्प का होता? आपल्याकडे हा प्रश्न कुणी विचारलाही नसता, सगळ्यांना उत्तर ठाऊक असतं. हेच बालगृह स्कॉटलंडात असतं तर मुदतीचा प्रश्नच नव्हता. तिथे २०१७ च्या कायद्याने ती काढून टाकली.

पुढे समोरच्या तज्ज्ञाशी फोनवर चर्चा झाली. दोघांनी मिळून सहमती-मतभेदांचं निवेदन लिहायचं असतं. एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी समोरच्याने लिहिलेल्या अशाच निवेदनावर तशीच सही केली आणि त्या खटल्यातून २०११ मध्ये तज्ज्ञांवर त्यांच्याच अशिलाला दावा करता येत नाही, हे कायदेशीर कवच गेलं. तेव्हापासून मी प्रत्येक स्वल्पविराम वाचतो. निदानावर आमचं जमलं: कॉम्प्लेक्स पीटीएसडी, म्हणजे दीर्घकाळच्या आघाताने होणारा मानसिक विकार, आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आयसीडी-११ मध्ये, आलेलं. अडलं ते दारूवर. समोरचे तज्ज्ञ म्हणाले, बाप पीत होता, तेव्हा व्यसनातला बालगृहाचा वाटा चाळीस टक्के. मी सत्तर म्हटलं. दोघांकडेही तराजू नव्हता. अर्ध्या तासाने मी पासष्टवर आलो, ते पन्नासवर, आणि मला मिरजेचं दार आठवलं.

खटला उभा राहिला नाही, तडजोड झाली. रक्कम मला कुणी सांगितली नाही, सांगतही नाहीत. दोन ओळींचा ईमेल आला, दुसरी ओळ माझ्या बिलाबद्दल.

पण त्याच्या कितीतरी आधी अहवालाचा मसुदा त्या गृहस्थांकडे तपासायला गेला होता, चुकीचे तपशील दुरुस्त करायला. मला धाकधूक होती ती १९७१ च्या ओळीची. छापील पानं पेन्सिलीच्या खुणांसह स्कॅन होऊन परत आली. त्या ओळीशेजारी समासात फक्त "खरं आहे" लिहिलं होतं. सबंध अहवालात दुरुस्ती एकच, परिच्छेद ४७ मध्ये. "लोणी नव्हतं. मटण भाजल्यावर उरलेली चरबी होती, वर मीठ. तेवढं बदला."

बदललं.