शार्लट लुकसचा होकार

रविवार, रात्री उशिरा

जेन ऑस्टिनचं ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ पुन्हा वाचायला काढलंय. कॉलेजात नायकासाठी, डार्सीसाठी वाचलं होतं. आता डार्सीची पानं भराभर उलटते आणि शार्लट लुकसपाशी अडते.

शार्लट २७ वर्षांची, रूप बेताचं, माहेरून फारसं काही मिळायची आशा नाही. मैत्रिणीने, म्हणजे नायिका एलिझाबेथ बेनेटने, नाकारलेल्या कॉलिन्सला ती होकार देते. तीन दिवसांत दोन मुलींना मागणी घालणारा हा गृहस्थ, म्हणजे काय ते समजा. पण पाद्र्याची पक्की नोकरी, राहायला घर, आणि पुढेमागे बेनेटांची इस्टेट त्यालाच मिळणार, कारण बेनेटांना पाचही मुलीच, आणि इस्टेट जाणार नात्यातल्या पुरुषाकडे, म्हणजे कॉलिन्सकडे. लग्न ठरल्याठरल्या शार्लटची आई हिशेब मांडू लागते, मिस्टर बेनेट अजून किती वर्षं काढतील! बहीण बिनलग्नाची राहणार नाही म्हणून भाऊही सुटले. असली माणसं ओळखीची वाटायला इंग्लंडला जावं लागत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या या कादंबऱ्या लोक बग्ग्या आणि बॉलनृत्यांसाठी वाचतात म्हणे. मला नाही पटत. ऑस्टिन पैशाबद्दल आडपडदा ठेवत नाही, मला तेच आवडतं. डार्सीचे वर्षाला १०,००० पौंड, त्याचा मित्र बिंगलेचे चार-पाच हजार, बेनेटांचे २,०००. मिळकत आधी कळते, माणूस कसा आहे ते मागाहून. स्थळ बघताना आपला क्रम तरी कुठे वेगळा असतो?

१८०२ च्या डिसेंबरात खुद्द ऑस्टिनला चांगल्या इस्टेटीच्या वारसाने मागणी घातली होती. संध्याकाळी तिने हो म्हटलं आणि सकाळी मोडलं. तेव्हा तिलाही सत्ताविसावं सरत आलं होतं. पुढे १८१३ मध्ये हे पुस्तक निघालं, तेही लेखिकेच्या नावाशिवाय, हक्क ११० पौंडांना विकून. स्वतः नाही म्हणालेली ही बाई शार्लटची मात्र टर उडवत नाही.

लग्नानंतर शार्लटने बसायला मागच्या बाजूची खोली घेतलीय. पुढची खोली मोठी आणि छान, तरी मागची. कॉलिन्स आपल्या खोलीच्या खिडकीतून रस्ता बघत बसतो. बायकांची खोली तितकीच छान असती तर दिवसभर तिथेच ठाण मांडून बसला असता! बागकामालाही तीच त्याला पिटाळते, तब्येतीला चांगलं म्हणून. हे सांगताना चेहऱ्यावर रेषही हलत नाही. एलिझाबेथ मनातल्या मनात तिला दाद देते, आणि आज मीही दिली.

बाग मात्र कॉलिन्सने खरंच छान राखलीय.