जू, जोतं आणि जॉइंट खातं

बैलांच्या मानेवर आडवं बसतं ते जू. त्याच्या भोकांत खोचलेल्या शिवळा, आणि शिवळेला अडकवून मानेखालून आवळलेलं जोतं. जू म्हणजे संस्कृतातलं 'युग', जोतं म्हणजे 'योक्त्र'. यात्रेची जत्रा झाली, यवाचं जव झालं, तसाच इथेही य चा ज.

हेच लाकूड लॅटिनात युगुम्, ग्रीकमध्ये झुगोन्, गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत युक्, प्राचीन तुर्कस्तानातल्या हित्तीत युगन्. या भाषांच्या समान पूर्वज भाषेतला मूळ शब्द शोधायचा, तर संस्कृत युगम् धरून ही पाचही रूपं एकाखाली एक लिहायची आणि अक्षर-अक्षर तपासायचं. आरंभी सगळीकडे य, फक्त ग्रीक झ वर अडून बसलेली. 'उ' वर कुणाचाच वाद नाही. मग ग. गॉथिक क म्हणते, पण भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेल्या नियमाने जर्मानिक भाषांत मूळ ग चा क होतोच. शेवटी संस्कृत-लॅटिनात म्, ग्रीक-हित्तीत न्. ग्रीकमध्ये शब्दाच्या शेवटी म् टिकतच नाही, त्याचा न् होतो. म्हणून मूळ म्. त्याआधीचा स्वर ओ, कारण संस्कृताने जुने ए-ओ अ मध्ये मिसळून टाकले. हाती येतं *युगोम्. डोक्यावरची चांदणी सांगते, हे कुणी लिहिलेलं सापडलेलं नाही, मांडलेलं आहे. आघातसुद्धा वैदिक आणि ग्रीक दोघींत शेवटच्याच स्वरावर. इतकं जुळल्यावर योगायोग म्हणवत नाही (तो शब्दही याच घरातला).

फसगत होते ती नुसत्या कानावर विसंबल्याने. जुगारातला 'जु' या घरचा नाही, तो द्यूताचा. विद्युतची वीज आणि अद्यचं आज झालं, तसा द्य चाही मराठीत ज होतो. ज दिसला की आधी त्याचं माहेर विचारावं.

रोमनांनी जुवावरून जमीनही मोजली. बैलजोडी दिवसभरात नांगरेल ते एक युगेरुम, 240 बाय 120 रोमन फूट. आपल्या हिशोबात साधारण 25 गुंठे.

याच मुळाचं, 'जोडणे' अर्थाचं लॅटिन क्रियापद फ्रेंचांच्या तोंडून इंग्रजीत गेलं आणि तिथून थेट आपल्या बँकेच्या फॉर्मवर आलं: नवराबायकोचं जॉइंट खातं. ग्रीक झुगोन् जीवशास्त्रात झायगोट (फलित बीजांड) झालं. त्याला पाठ्यपुस्तकात शब्द मिळाला 'युग्मनज', म्हणजे पुन्हा तेच मूळ. आणि त्या नवराबायकोला जुळं झालंच, तर 'जुळं' हेही युगलावरूनच.